जुन्या कपड्यांची पिशवी आणि मंडळाचं नाव

पत्राचा सारांश

पत्रलेखिका इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतात आणि तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहेत. त्यांच्या घरी लेटरबॉक्समधून अधूनमधून एक प्लॅस्टिकची पिशवी पडते. वर आजारी मुलाचा फोटो, जुने कपडे देऊन मदत करण्याचं आवाहन, आणि तळाशी बारीक अक्षरांत एका लिमिटेड कंपनीचं नाव. वर्षानुवर्षं त्या पिशव्या भरून दाराबाहेर ठेवत आल्या. यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी चष्मा लावून तळ वाचला, तेव्हा कळलं की पिशवीवर जिच्या नावानं आवाहन आहे त्या धर्मादाय संस्थेला कंपनी टनामागे ८० पौंड देते. ‘म्हणजे किलोला आठ पेन्स! मी यांचा जेमतेम दोनदा घातलेला लोकरी कोट त्यात घातला होता.’

त्यातच तशाच दुसऱ्या एका कंपनीनं मंडळाला प्रस्ताव पाठवला आहे. पिशव्या त्यांच्या, व्हॅन त्यांची. मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमाला कपडे गोळा करायचे, पोस्टरवर मंडळाचं बोधचिन्ह आणि मराठवाड्यातल्या एका निवासी शाळेतल्या मुलींचा फोटो, आणि शाळेला टनामागे तेवढेच ८० पौंड. अध्यक्षकाका खूश आहेत: ‘आपल्या खिशातून दमडी जात नाही.’ कमिटीतली एक मैत्रीण म्हणते, हा शुद्ध धंदा आहे, कौन्सिलकडे (म्हणजे तिथल्या पालिकेकडे) तक्रार करून या कंपन्याच बंद पाडल्या पाहिजेत. पत्रलेखिका विचारतात: ‘दानाच्या नावावर नफा कमावू द्यावा का? सरकार यावर बंदी का घालत नाही? मी विरोध करून वाईटपणा घेऊ, राजीनामा देऊ, की गप्प बसू?’

उत्तर

ताई, राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही कमिटीतून बाहेर पडलात तर तळाची बारीक अक्षरं वाचणारं कोणी तिथे उरणार नाही, आणि पोस्टर मात्र आठवड्याभरात छापून येईल.

आधी त्या कोटाबद्दल. तो कोण्या गरजू माणसाच्या अंगावर जाईल असं तुमच्या मनात होतं. पिशवीनं तसं सांगितलं नव्हतं, नुसतं वाटू दिलं होतं. प्रत्यक्षात दारोदार गोळा झालेल्या पिशव्या एखाद्या शेडमध्ये जातात, सरकत्या पट्ट्यावर उघडतात आणि कामगार उभ्या उभ्या, हातानं प्रतवारी करतात. चांगल्या ब्रँडचा, चालू फॅशनचा माल सगळ्यात आधी बाजूला होतो. खरी कमाई त्यातच असते. हलक्या, उन्हाळी कपड्यांच्या गाठी आफ्रिकेत जातात, घानातल्या आक्रा शहरातल्या कांटामांटो बाजारात किंवा नैरोबीच्या गिकोंबात. घालण्याजोगं न राहिलेलं सुती कापड यंत्रं पुसायच्या चिंध्यांत जातं. आणि फाटकी लोकर पानिपतला. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ खेरीज काही आठवत नाही; पण जगभरातल्या जुन्या लोकरीचं पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणण्याचं ते मोठं केंद्र आहे. भारतात येणारे हे कपडे आधी मुद्दाम कापलेले असावे लागतात, म्हणजे कोणी ते तसेच घालायला विकू नयेत. ही विद्या तुमच्याच देशातली, बरं का. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास चिंध्यांपासून पुन्हा लोकर काढायला सुरुवात झाली.

आता तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा. धंदा आणि चॅरिटी यांच्यामधली रेघ तिनं जिथे ओढली आहे, तिथे ती नाही. हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, चॅरिटी शॉपमध्ये (संस्थेसाठी जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात) तुम्ही दिलेले सगळे कपडे हँगरवर लागत नाहीत. जे लागतात त्यांतलेही काही आठवड्यांत खाली उतरतात. उरलेला माल किलोवर विकला जातो, आणि तो घेणारे व्यापारी याच धंद्यातले असतात. ऑक्सफॅमनं तर १९७४ मध्ये हडर्सफील्डला स्वतःचं प्रतवारी केंद्र काढलं, कारण दुकानात न खपलेल्या कपड्यांतही पैसा आहे हे त्यांनी ओळखलं. संस्थेनं कपडे विकणं हे पाप नाही. मग एखाद्या लहान संस्थेकडे व्हॅन, ड्रायव्हर, शेड काहीच नसताना तिनं हे काम कंपनीला दिलं, तर तेही पाप नाही. शिवाय घरोघर टाकलेल्या पिशव्यांपैकी बहुतेक कचऱ्याच्या डब्यात जातात. भरून परत येणाऱ्या थोड्याच. त्या सगळ्या छापण्याचा, वाटण्याचा आणि गल्लीबोळांतून डिझेल जाळत फिरण्याचा खर्च त्या थोड्या भरलेल्या पिशव्यांतून निघायचा असतो. हे धरलं, तर दारोदारच्या पिशवीसाठी आठ पेन्स म्हणजे सरळ सरळ लूट, असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते कमी आहेत की नाहीत, हे कंपनीचा हिशेब बघूनच कळेल.

आपल्याकडे बोहारीण दारात बसून चार साड्या आणि एक पँट घेते आणि बदल्यात स्टीलचा डबा देते. ती पँट ती बाजारात विकणार हे आईला पक्कं ठाऊक असतं. डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते बघून, ‘एवढ्याशा डब्याला पँट नाही हं देणार’ असं म्हणून, तासभर घासाघीस करून सौदा होतो. बोहारणीच्या नफ्यावर कोणी रागावत नाही, कारण तिनं आपल्या गाठोड्यावर अनाथ मुलाचा फोटो चिकटवलेला नसतो.

तेव्हा राग नफ्यावर नको, त्या फोटोवर असू द्या. तुमच्यापुढे जे ठेवलं गेलं त्यात आवाहन मोठ्या टायपात होतं आणि दर मुंगीच्या टायपात.

इथे कायदा तुमच्या बाजूनं आहे, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या चॅरिटीज अ‍ॅक्टनुसार, एखादी नफ्याची कंपनी आपल्या धंद्यात कुठल्या संस्थेच्या नावाचा उपयोग करणार असेल, तर तिचा त्या संस्थेशी ठरावीक नमुन्याचा लेखी करार असावा लागतो. शिवाय लोकांना आवाहन करतानाच सांगावं लागतं की संस्था कोणती आणि तिला नेमकं किती मिळणार. पूर्वी ‘विक्रीतला काही भाग’ अशी मोघम वाक्यं खपून जात. २००८ पासून रक्कम किंवा ती कशी काढली जाते हे सांगणं भाग आहे. तुमच्या पिशवीवर टनामागे ८० पौंड हा आकडा कंपनीच्या चांगुलपणामुळे आलेला नाही, या कलमामुळे आलेला आहे. संस्थेला कंपनीच्या संबंधित वह्या बघण्याचाही हक्क असतो. किती संस्था त्या उघडून बघतात, हा प्रश्न वेगळा.

याहून जुना आणि माझ्या मते याहून धारदार कायदा १९३९ चा आहे, घरोघर फिरून गोळा करण्याबद्दलचा. तो फक्त पैशांना नाही, वस्तूंनाही लागू आहे. धर्मादाय कामासाठी म्हणून दारोदार कपडे मागायचे तर स्थानिक यंत्रणेचा परवाना लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी कौन्सिलचा. आणि मिळणाऱ्या मालाच्या किमतीच्या मानानं धर्मादाय कामाला जाणारी रक्कम अपुरी असेल, किंवा गोळा करणाऱ्याचा मोबदला अवाच्या सवा असेल, तर परवाना नाकारण्याचा अधिकार त्या यंत्रणेला आहे. मोठ्या राष्ट्रीय संस्थांना दर ठिकाणी वेगळा परवाना घ्यावा लागू नये म्हणून मंत्र्यांकडून सूट मिळते, ते सोडा. पण तुमच्या मैत्रिणीला हवी ती तपासणी कागदावर आहे. तिनं ‘कंपन्या बंद करा’ असं न म्हणता कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाला एवढंच विचारावं: या कंपनीला परवाना दिलाय का, आणि देताना हे प्रमाण तपासलं का? अशा नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. ‘बंद करा’ या मागणीला नम्र पोच मिळते आणि विषय संपतो.

बंदी का नाही, हे तुम्ही विचारलंत. तिकडे अमेरिकेत काही राज्यांनी आणि एका गावानं बंदीच्या जवळ जाऊन बघितलं. अमुक टक्के रक्कम धर्मादाय कामाला गेलीच पाहिजे किंवा खर्च अमुक टक्क्यांवर जाता कामा नये, असे नियम तिथे झाले, आणि १९८०, १९८४ व १९८८ अशा तीन निकालांत सर्वोच्च न्यायालयानं ते उडवून लावले. कारण असं की दान मागणं हे अभिव्यक्तीत मोडतं, आणि टक्केवारी कमी आहे एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. १९८८ च्या निकालानं तर, व्यावसायिक निधी गोळा करणाऱ्यानं मागण्याआधीच टक्केवारी सांगावी, ही सक्तीसुद्धा रद्द केली. २००३ मध्ये तेच न्यायालय म्हणालं की सरळ खोटं बोलून पैसे मागितले तर मात्र राज्य खटला भरू शकतं.

जुन्या कपड्यांच्या बाबतीत हे सगळं अलीकडेच पुन्हा गाजलं. सेव्हर्स व्हॅल्यू व्हिलेज ही जुन्या वस्तूंच्या दुकानांची मोठी साखळी. ती नफ्याची कंपनी आहे. भागीदार संस्थांच्या नावानं लोक सामान आणून देतात, कंपनी संस्थांना त्याचे ठरलेले पैसे देते आणि माल आपल्या दुकानात विकते. २०१५ मध्ये मिनेसोटा राज्यानं तिला कोर्टात खेचलं आणि सहा संस्थांना मिळून १८ लाख डॉलर देण्यावर तडजोड झाली. २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं खटला भरला. त्यांचं म्हणणं, कंपनीची जाहिरात बघून लोकांना हे दुकान म्हणजेच चॅरिटी आहे असं वाटतं. खालच्या कोर्टात राज्य काही मुद्द्यांवर जिंकलं. पण २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, पुन्हा अभिव्यक्तीच्याच आधारावर. कंपनीचं मुख्यालय सिअॅटलजवळ बेलव्ह्यूला आहे. त्या भागातले जे मराठी वाचक हे वाचत असतील त्यांनी लक्षात घ्यावं: तिथे ‘अमुक टक्के तरी द्या’ असं सरकार म्हणू शकत नाही. विचारायचं काम तुमचं.

या मानानं ब्रिटनचा कायदा धीट आहे. पण त्याला भोकं आहेत. एक मोठं भोक असं की, कंपनीनं पिशवीवर चॅरिटीचा दावा केलाच नाही, तर १९३९ चा कायदा तिला लागूच होत नाही. ‘आम्ही जुने कपडे गोळा करतो’ एवढंच लिहिलं, गुलाबी हृदय काढलं आणि दूर देशातल्या कुटुंबांना स्वस्त कपडे मिळतात असं काहीतरी ऊबदार वाक्य टाकलं, की घरातल्या माणसाला ते दानच वाटतं आणि परवान्याचा प्रश्न उरत नाही. आणि ही व्यवस्था जुनाट झाली आहे हे सगळ्यांना मान्य आहे. संसदेनं १९९२ मध्ये लोकांकडून पैसे-वस्तू गोळा करण्यासाठी नवी परवाना पद्धत मंजूर केली, ती अमलात आलीच नाही. २००६ मध्ये पुन्हा नवी मंजूर केली, तीही आली नाही. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर केलेल्या कायद्यावर आजही दारावरची पिशवी तोलली जाते आहे. तुमच्या मैत्रिणीच्या अंगात खरंच उत्साह असेल तर आपल्या खासदाराला पत्र लिहायला हा विषय छान आहे. तिला म्हणावं, नफ्यावर बंदी मागू नकोस. चॅरिटीसारखं दिसणारं कुठलंही आवाहन असो, ते करणाऱ्याला एकच नियम लागू करा, आणि आकडा आवाहनाइतक्याच मोठ्या टायपात छापायला लावा, एवढं माग.

हे झालं देशाचं. आता मंडळाचं, कारण इथे तुमचं स्थान बदलतं. आतापर्यंत तुम्ही दारात पिशवी ठेवणाऱ्या होतात. उद्या पोस्टरवर मंडळाचं चिन्ह आलं की आवाहन करणाऱ्यांत तुम्ही आलात. हे नुसतं नैतिक बोलणं नाही. ‘चॅरिटी बॅग नको’ अशी पाटी लावलेल्या दारांतही पिशव्या टाकल्या जातात, अशा तक्रारींची फंडरेझिंग रेग्युलेटरनं (निधी गोळा करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं) काही वर्षांपूर्वी चौकशी केली. पिशव्या टाकणारी माणसं कंपनीची होती. ठपका मात्र संस्थांवरही आला, की तुमच्या नावानं फिरणाऱ्यांवर तुम्ही लक्ष ठेवलं नाही.

अध्यक्षकाकांचं ‘खिशातून दमडी जात नाही’ हे म्हणणं मी जरा हिशेबात बसवून बघितलं. समजा दीडशे कुटुंबांनी प्रत्येकी आठ किलो कपडे आणले. झाले १,२०० किलो. टनाला ८० पौंडांनी शाळेला मिळणार ९६ पौंड. दीडशे कुटुंबं, हॉलमध्ये पिशव्यांचा डोंगर, स्वयंसेवकांचा अख्खा दिवस, पोस्टरवर मुलींचे चेहरे, आणि हाती ९६ पौंड. तिळगूळ देताना दारात एक डबा ठेवून प्रत्येक घराकडून एक पौंड मागितला असता तर १५० जमले असते, आणि कोणाला काही उचलावं लागलं नसतं.

आणि दमडी जात नाही हेही खरं नाही. कंपनीला मंडळाकडून दोन मौल्यवान गोष्टी फुकट मिळतायत. पहिली, विश्वास. तुमच्या सभासदांनी अनोळखी पिशवीत घातले नसते असे कपडे ते मंडळाच्या पिशवीत घालतील, इस्त्री करून. दुसरी गोष्ट अध्यक्षकाकांच्या लक्षात आलेली दिसत नाही. मघाशी मी दारोदारच्या खर्चाचं बोलले, तो खर्च इथे जवळपास नाहीच. हजारो पिशव्या वाटायच्या नाहीत, गल्ल्या फिरायच्या नाहीत. एक व्हॅन एका हॉलवर येऊन टनभर स्वच्छ माल एका फेरीत नेणार. तरी दर तोच, ८० पौंड? दारोदार गोळा करताना जो दर समजून घेता येतो तोच दर इथे मान्य करणं म्हणजे कंपनीचा वाचलेला खर्च मंडळानं तिला बक्षीस देणं. त्यांनी पहिला दर सांगितला, आणि तुमच्या कमिटीनं तो छापील किंमत असल्यासारखा मानला. शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला सुद्धा आपण असं करत नाही.

म्हणून आधी दोन-तीन कापड पुनर्वापर व्यापाऱ्यांकडून दर मागवा. या कंपनीलाही कळवा की इतरांकडे विचारणा चालू आहे. वजन कोण करणार ते विचारा. बहुतेक वेळा ते त्यांच्या डेपोत होतं आणि तुमच्यापर्यंत नुसता आकडा येतो. वजन हॉलवरच, व्हॅनमध्ये चढवण्याआधी करा. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा तुमच्या प्रत्येक सभासदाच्या घरी असणार. सहा काटे आणले की अर्ध्या तासात काम होईल, आणि ड्रायव्हरची सही घ्या. पैसे किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यात, हे करारात लिहून घ्या. मंडळाचं नाव आणि चिन्ह फक्त त्या एका कार्यक्रमापुरतं, हे तर नक्कीच. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं चिन्ह असलेल्या पिशव्या परक्या गावातल्या दारांत पडतील आणि फोन तुम्हाला येतील. लोकांनी हॉलमध्ये आपणहून आणून दिलं तर घरोघरचा परवाना लागत नाही. पण उत्साहाच्या भरात कोणी ‘आम्ही शेजाऱ्यांच्या दारीही पिशव्या टाकतो’ म्हणालं, तर आधी कौन्सिलला विचारा.

पोस्टरबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यावर मधोमध, फोटोइतक्याच ठळकपणे, असं काहीतरी असावं: ‘हे कपडे अमुक कंपनी विकत घेते. किलोमागे इतके पेन्स शाळेला मिळतात.’ कंपनीला हे वाक्य चालत नसेल तर तुमचा निर्णय तिनंच सोपा केला. आणि वाक्य बघून सभासदांनी कपडे आणलेच नाहीत, तर त्यांनी विचार करून नकार दिला असं समजा. मुलींचे फोटो मात्र काढाच. निवासी शाळेतल्या अल्पवयीन मुलींचे चेहरे जुन्या कपड्यांच्या पोस्टरवर कशाला? त्यांच्या पालकांना कोणी विचारलंय?

आता ज्या गोष्टीवर हा सगळा बेत अडू शकतो, ती. मराठवाड्यातली ती शाळा हे पैसे घेऊ शकते का? इंग्लंडमधल्या कंपनीनं किंवा मंडळानं पाठवलेली रक्कम भारतात परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते, आणि एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणं बंद झालं आहे. म्हणजे ‘ओळखीच्या मोठ्या ट्रस्टकडे पाठवू, ते शाळेला देतील’ ही जुनी वाट आता नाही. नोंदणी नसताना पैसे घेतले तर अडचणीत शाळा येईल, कंपनी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगीत धरत नाहीत. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्यांची धरतात, ओसीआय कार्ड असलं तरी. कमिटीत कोणीतरी म्हणेलच, ‘मग कपडेच पाठवू या की.’ त्यांना सांगा, वापरलेल्या कपड्यांच्या आयातीला भारतात परवाना लागतो. गुजरातमधल्या कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात जे परदेशी कपडे निवडले जातात त्यांची गोष्ट वेगळी. आणि पाठवणीच्या खर्चात इथल्या बाजारातून मुलींना नवे गणवेश येतील. मंडळ स्वतः नोंदणीकृत चॅरिटी असेल तर घटनेतली उद्दिष्टंही एकदा काढून वाचा. ‘मराठी संस्कृतीचं जतन’ एवढंच लिहिलेलं असेल तर शाळेसाठी निधी गोळा करणं त्यात बसतं का, हे विश्वस्तांनी आधी ठरवायला हवं.

कपडे द्यायचेच असतील तर एक वाट मला जास्त आवडते, तुमच्यासाठीही आणि तिकडच्या इतर वाचकांसाठीही. चांगले कपडे स्वतः चॅरिटी शॉपमध्ये न्या आणि गिफ्ट एड या करसवलतीच्या योजनेचा फॉर्म भरा. तुम्ही तिथे कर भरत असाल तर दुकान तुमच्या वतीनं कपडा विकतं, तुम्ही ती रक्कम दान करता, आणि संस्थेला सरकारकडून पौंडामागे आणखी २५ पेन्स मिळतात. तुमचा तो कोट सहा पौंडांना गेला असता तर संस्थेला साडेसात मिळाले असते. पिशवीत, दोन किलो धरला तरी, १६ पेन्स. साड्या, घागरे, शेरवान्या नेण्याआधी दुकानाला फोन करून घ्या. काहींना हव्या असतात, काहींना त्यांचं काय करावं कळत नाही. फाटकं-विटकं मात्र खुशाल पिशवीत घाला. त्याला दुकानात जागा नाही आणि कचऱ्यात जाण्यापेक्षा आठ पेन्स बरे.

दारावरच्या पिशवीवर पोलिसगिरी करण्यात फार वेळ घालवू नका. चॅरिटीचा नोंदणी क्रमांक असेल तर चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर तो खरा आहे का ते दोन मिनिटांत कळतं. क्रमांक नुसता कंपनीचा असेल तर तो सौदा आहे, देणं-न देणं तुमची मर्जी. फसवणूक दिसली तर ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागाकडे, कळवा. शंका आली तर संस्थेलाच फोन करा. आपल्या नावानं पिशव्या फिरतायत हे कधी कधी त्यांनाही तेव्हाच कळतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. मॉलमधले ब्रँड जुने कपडे घेऊन कूपन देतात, सोसायटीच्या गेटजवळ गोळा करायच्या पेट्या येतात, आणि त्यावर झाडाचं किंवा हसऱ्या मुलाचं चित्र असतं. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळ धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतं. सोसायटीत पेटी ठेवायला येणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. सेक्रेटरींनी निदान दोन गोष्टी लेखी मागाव्यात: पेटी कोणाच्या मालकीची, आणि माल विकून आलेल्या पैशांतले किती कोणाला जातात.

वाईटपणाचं म्हणाल, तर ‘माझा विरोध आहे’ असं बैठकीत म्हणूच नका. ‘काका, दर वाढवून घेऊ या का?’ असं विचारा. हिशेबाचा कागद पुढे ठेवा, ९६ हा आकडा त्यांनाच हिशेब करून काढू द्या. मैत्रिणीला कौन्सिलकडे विचारणा करण्याचं काम द्या, तिला ते आवडेल. आणि बैठकीआधी शाळेच्या मुख्याध्यापकांना एक ईमेल करा: तुमच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे का, आणि तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त कशाची गरज आहे? त्याचं उत्तर येईपर्यंत पोस्टर छापायला देऊ नका.